चाळिशीतली भातुकली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहबाईंनी मला "चार शब्द बोला" म्हणून सांगितले तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, म्हणून ते तिथेच थांबले. चार बायकांसमोर उभे राहण्याचा माझा अनुभव म्हणजे संक्रांतीला वाण वाटताना येतो तेवढाच. तेव्हा बोलण्यात काही चुकले-माकले तर पदरात घ्या.

आज सभागृहात शिरताना दाराशेजारच्या भिंतीवर लावलेले बारा फोटो तुम्ही पाहिले असतील. एक पितळी तांब्या आहे, अर्धा चिरलेला कांदा आहे, पाण्याचा पेला आहे, पानाचा डबा आहे. त्यात माणूस एकही नाही, देवाची मूर्ती नाही, डोंगर-नदीचा देखावाही नाही. "हे फोटो कोणी काढले, आणि कशाला काढले?" असे मघाशी दोघी-तिघींनी विचारले. ते मी काढले. कशाला काढले, ते सांगायला उभी आहे.

चित्रकलेत याला स्थिरचित्र म्हणतात. ज्यांची मुले शाळेतून चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसली असतील त्यांना हा शब्द ठाऊक असेल. एलिमेंटरीला वस्तुचित्र असते आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. एखादे भांडे, दोन फळे, मागे चुण्या पाडून सोडलेले कापड अशी मांडणी करतात आणि मुलांनी ती समोर बघून रंगवायची. तेच रंगांऐवजी कॅमेऱ्याने केले, की झाला माझा छंद.

हा छंद मला कसा लागला ते सांगायचे तर थोडे घरचे उघडे करावे लागेल. पण इथे सगळ्या आपल्याच आहेत.

मी लग्न होऊन साताऱ्यात आले, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरावर राज्य आत्याबाईंचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. बाई फार कामसू, हाताला चवही तशीच. पण शिस्त अशी, की मांडणीवरचा एक डबा इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. वरच्या फळीवर डाळी, मधल्या फळीवर मसाले, खाली पिठे. तिखट-मीठ गॅसजवळ असावे असे मला फार वाटे, म्हणून एकदा भीत भीत बोलूनही पाहिले. "मी असेपर्यंत असेच राहील," एवढेच त्या म्हणाल्या. वीस वर्षे त्या घरात मी स्वयंपाक केला, पण डबे त्यांचे होते.

२०१८ च्या दिवाळीत आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची खाट माजघरात, स्वयंपाकघराच्या दारासमोरच टाकली. म्हणजे काम करता करता मला त्यांच्याकडे बघता यावे. आणि भगिनींनो, आज कबूल करते, त्यानंतर आठ दिवसांच्या आत मी मांडणीवरचे सगळे डबे हलवले. मला हवे तसे लावून घेतले. लावताना मनातून बरे वाटत होते. मग मागे वळून बघते तो आत्याबाई खाटेवरून टक लावून बघत होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

ते तोंड पुढे कित्येक महिने भिंतीकडेच राहिले. भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, चादरी धुणे, यात माझा दिवस जाई. घराबाहेर पडणे बंद झाले. मंडळाचे भजन सुटले, भिशी सुटली, माहेरी जाणे सुटले. कर्तव्यात मी कसूर केली नाही, पण ते कर्तव्यच होते. त्यांना बोलता येत नव्हते आणि मला त्यांच्याशी काय बोलावे ते सुचत नव्हते. डब्यांची गोष्ट दोघींच्या मनात होती आणि ती काढायला दोघींनाही तोंड नव्हते.

२०१९ च्या पावसाळ्यात आमची धाकटी इंटरमिजिएटची तयारी करत होती. एके सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीशी स्टूल ठेवून त्यावर पितळी तांब्या, दोन वांगी आणि माझी जुनी सुती साडी अशी मांडणी केली. चित्र अर्धे रंगवले आणि "आई, कशालाही हात लावायचा नाही" अशी ताकीद देऊन ती शाळेत गेली. वांगी तर मला भाजीला हवी होती. मी तिथे चडफडत उभी होते. एवढ्यात ढग जरा फाटले आणि खिडकीतून उजेडाची एक तिरीप त्या तांब्यावर पडली. तांब्याच्या पोटावर अख्खी खिडकी उमटली. गज मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. वांग्याच्या जांभळ्या अंगावर एक पांढरी रेघ आली. साडीच्या चुण्या शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसू लागल्या. वीस वर्षे मी तो तांब्या चिंच लावून घासत होते. त्याच्या पोटात खिडकी असते हे मला माहीत नव्हते.

थोरलीने नवा मोबाइल घेतला तेव्हा तिचा जुना मला दिला होता. तो कनवटीला होता, त्याने फोटो काढला. मग ताकीद विसरून वांगे जरासे फिरवले आणि पुन्हा काढला. एक लसणीचा गड्डा आणून ठेवला, तो आवडला नाही, उचलला. लिंबू ठेवले. असे किती वेळ चालले कोण जाणे. गॅसवर दूध होते, ते उतू जाऊन ओटाभर झाले तेव्हा मी भानावर आले. संध्याकाळी धाकटीने वांगे फिरलेले बरोबर ओळखले आणि पोरीने मला चांगलेच फैलावर घेतले.

पण त्या अर्ध्या तासात मला जे वाटले ते मी ओळखले. लहानपणी परसात भातुकली मांडताना असेच वाटत असे. करवंटीत मातीचा भात, जास्वंदीच्या पानांच्या पोळ्या, चिंचोक्यांचे लाडू. त्या स्वयंपाकाने कोणाचे पोट भरायचे नसते आणि मीठ कमी पडले असे कोणी म्हणत नाही. मांडायचे, मोडायचे, पुन्हा मांडायचे. मोठेपणी आपण त्याच भांड्यांशी दिवसभर झटतो, पण मांडायची मौज कुठे निघून जाते समजतही नाही.

मग मला नादच लागला. सकाळी मुलींचे आणि यांचे डबे झाले, की साडेसात ते पावणेआठ हा वेळ मी माझा ठरवला. पंधरा मिनिटांच्या वर नाही आणि गॅस बंद करूनच, हा नियम दुधाने शिकवला. लोकांनी नावे ठेवली हे सांगायला नको. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भांड्यांचे काय फोटो काढता? ती काय पळून जाणार आहेत?" आमच्या नात्यातल्या मंडळींचा मोबाइलवर एक गट आहे. तिथे मी मोठ्या हौसेने तांब्याचा फोटो पाठवला, तर एका भाच्याने विचारले, "मामी, मोडीत काढायचा आहे का? पितळेचा भाव चांगला आहे." आमचे हे मात्र काही बोलले नाहीत. फक्त एकदा ताटातली भेंडी हातात धरून त्यांनी विचारले, "ही फोटोतली का बिनफोटोतली?"

चुका मी पुष्कळ केल्या. पहिला महिनाभर फोटो निळसर-पिवळे येत. नंतर कळले, की खिडकीचा उजेड आणि वरच्या दिव्याचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. ते एकमेकांत मिसळले की भाजी आजारी दिसते. तेव्हापासून मी दिवा मालवते आणि एका खिडकीवर भागवते. उजेड आपल्या पाठीमागून आला तर कांदा भाकरीसारखा चपटा दिसतो; बाजूने आला की एक अंग उजळते, दुसरे सावलीत जाते आणि मग तो गोल दिसतो. सावली फारच काळी झाली तर त्या बाजूला लग्नाची एखादी पांढरी पत्रिका उभी करावी. तिच्यावरून उजेड परततो आणि सावली मऊ होते. आपल्या घरी पत्रिकांना काय तोटा!

दुसरी चूक मागच्या बाजूची. आपण समोरच्या वाटीकडे बघतो, पण फोटोत मागचे कॅलेंडर, गॅसची नळी आणि फडके सगळे येते. मी आता मागे जुनी काळी चादर धरते नाहीतर पाट उभा करते. तिसरी चूक हात हलण्याची. मोबाइल डब्याला टेकवून ठेवावा आणि त्यात दोन-तीन सेकंदांनी आपोआप फोटो निघायची सोय असते ती लावावी, म्हणजे बोट लागून तो हलत नाही. भिंग पदराच्या मऊ टोकाने आधी पुसावे. आपल्या मोबाइलवर फोडणीचे थर असतात. आणि पडद्यावर वस्तूवर बोट टेकवून उजेड किंचित कमी करावा, त्याने पितळेची झळाळी पांढरी फटक होत नाही.

सगळ्यांत अवघड म्हणजे स्टील. स्टीलच्या पातेल्याचा फोटो काढायला गेले की त्यात मीच दिसते, विसकटलेल्या केसांची, हातात मोबाइल धरलेली. पातेले जरा तिरके करावे आणि समोर पांढरा कागद धरावा, की आपण त्यातून नाहीशा होतो. पितळ, माती, लाकूड आणि दगडी खलबत्ता ही सारी गुणी मंडळी. कांद्याच्या मागून उजेड आला तर त्याचा पापुद्रा पैठणीच्या पदरासारखा चमकतो. चांगला मोबाइल नाही म्हणून फोटो चांगला येत नाही असे मीही आधी म्हणत असे. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

आता आत्याबाईंकडे येते.

श्रावणातला एक दिवस असेल. मी तांब्याशेजारी तीन लिंबे मांडत होते. एक इकडे ठेवले, एक तिकडे, काही केल्या जमेना. एवढ्यात माजघरातून आवाज आला, "अं हं." मी चमकून पाहिले. आत्याबाईंचे तोंड माझ्याकडे होते. त्यांनी डावा हात उचलला आणि बोटाने दाखवले, डावीकडे सरकव. मी लिंबू सरकवले. "अं हं." आणखी सरकवले. त्यांनी मान हलवली. मी फोटो काढला आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग बोट वर केले, थेट माळ्याकडे.

माळ्यावर काय आहे ते मला उमगेना. एक-एक वस्तू काढून दाखवली, प्रत्येकीला "अं हं". शेवटी कापडात गुंडाळलेला त्यांचा पितळी पानाचा डबा निघाला. आजारपणात पान बंद झाले म्हणून मीच तो वर टाकला होता. उघडला तर आत अडकित्ता, चुन्याची डबी, वाळून दगड झालेली सुपारी आणि काताचा खडा. तो डबा आम्ही खिडकीशी मांडला. अडकित्ता कसा ठेवायचा, डबीचे झाकण कितपत उघडे टाकायचे, सगळे त्यांच्या बोटाच्या हुकमाने. बाहेर भिंतीवर तिसरा फोटो आहे तो त्याच दिवसाचा. माझ्या मते त्या बारांमध्ये तोच सगळ्यांत चांगला आहे, आणि त्यातली मांडणी माझी नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आम्हा दोघींचा हा खेळ सुरू झाला. कधी मी मांडावे आणि त्यांनी मोडायला लावावे. कधी त्यांनी बोटाने रवी मागावी, कधी जात्याचा खुंटा. एकदा त्यांनी चक्क केरसुणी मागितली. मी म्हटले, "अहो आत्याबाई, केरसुणीचा कसला फोटो?" त्या डोळ्यांनीच म्हणाल्या, आण तर खरी. त्या केरसुणीची गोष्ट पुढे आहे.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला सूर्यग्रहण होते. दक्षिणेकडे कर्नाटक-केरळात ते कंकणाकृती दिसले, आपल्याकडे खंडग्रास. मार्गशीर्षातली अमावस्या, आणि वारही गुरुवार. आत्याबाई ग्रहण फार कडक पाळणाऱ्या. त्यांच्या मनाला बरे वाटावे म्हणून मी दुधा-पाण्यात तुळशीपत्र टाकले आणि चूल बंद ठेवली. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हातांना काहीच काम नाही. खिडकीतून ऊन आत येत होते. ऊन असले की मी आता काही ना काही त्यात धरून बघते. म्हणून भाजी निथळायची भोकांची चाळण धरली. सावली भिंतीवर पडली आणि मी बघतच राहिले. रोज चाळणीच्या सावलीत उजेडाचे गोल ठिपके पडतात. त्या दिवशी प्रत्येक ठिपक्याची चंद्रकोर झाली होती. भिंतभर कोरीच कोरी.

मी धाकटीला हाक मारली. तिने सांगितले, "आई, त्या कोरी नाहीत, ग्रहण लागलेला सूर्य आहे. प्रत्येक भोकातून सूर्याचे चित्र पडते. एरवी सूर्य गोल म्हणून ठिपके गोल." झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात तीसुद्धा सूर्याचीच चित्रे, असे ती म्हणाली. कॅमेराही मुळात असाच, एक अंधारी खोली आणि तिला एक भोक. ग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायचे नाही, त्याने डोळे जातात. पण असे भिंतीवर बघायला काही धोका नाही. आम्ही उंबऱ्याशी पांढरी चादर धरली आणि चाळण मागेपुढे करून कोरी तिच्यावर घेतल्या. सत्तर वर्षे ग्रहणात घराबाहेर न पडलेल्या आत्याबाईंना ग्रहण घरात येऊन भेटले. त्यांनी डावा हात पुढे केला. मी चाळण जरा वळवली आणि त्यांच्या तळहातावर चार-पाच कोरी पडल्या. तोही फोटो बाहेर आहे. मघाशी मी म्हटले की फोटोत माणूस नाही; पण नीट पाहाल तर त्या एका फोटोत हाताच्या रेषा आहेत.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच घरात अडकले. मी तर दीड वर्षापासून अडकलेली होते, त्यामुळे मला त्याचे नवल नव्हते. थोरली पुण्याहून घरी आली होती. आमचा खेळ पाहून तिने मोबाइलवर कुठे कुठे वाचले आणि आम्हाला वाचून दाखवले. त्यातून कळले, की हा आम्ही काढलेला खेळ नव्हे. फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली. त्या काळी एक फोटो निघायला पुष्कळ वेळ लागे. माणूस तेवढा वेळ न हलता बसणे कठीण, म्हणून सुरुवातीच्या फोटोकारांनी शिंपले, पुतळे, बरण्या असल्या न हलणाऱ्या वस्तूंचे फोटो काढले. इंग्लंडमध्ये टॅल्बट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १८४४ पासून 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे फोटोंचे पुस्तक भागाभागाने काढले. त्यात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या कपबश्या आहेत, फळांची टोपली आहे, आणि एका फोटोत उघड्या दाराला टेकवून ठेवलेला झाडू आहे. हे ऐकताच मी आत्याबाईंकडे पाहिले. त्यांची केरसुणी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मान्य झाली होती!

अमेरिकेत एडवर्ड वेस्टन नावाचे फोटोकार होऊन गेले. १९३० साली ते ढोबळ्या मिरचीचे फोटो काढत होते, पण मागची बाजू मनासारखी जमत नव्हती. शेवटी त्यांनी मिरची एका पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या उतारावरून उजेड फिरून मिरचीवर आला आणि तो फोटो जगभर गाजला. आपण नरसाळ्याने जन्मभर तेल ओतले, कधी मिरची ठेवून पाहिली नाही. मी ठेवून पाहिली. फोटो बरा आला, आणि मिरचीची पीठ पेरून भाजी केली.

तिसरे प्रागचे योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. एका हाताने ते जड कॅमेरे वापरीत. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होते, तेव्हा १९४० पासून त्यांनी आपल्याच खोलीच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले आणि कित्येक वर्षे काढले. काचेवरचे दव, कट्ट्यावरचा पाण्याचा पेला, अंडे, पावाचा तुकडा. थोरली हे वाचत होती तेव्हा आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने आमच्या खिडकीकडे बोट केले. दुसऱ्या दिवशी कुकरच्या वाफेने काच धुरकटली असताना आम्ही कट्ट्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि फोटो काढला.

आता डब्यांचे सांगते आणि आटोपते.

२०२१ च्या गुढीपाडव्याच्या आधी मी मांडणी धुवायला काढली. आत्याबाई तेव्हा फार थकल्या होत्या, सकाळचा खेळही रोज होत नसे. मांडणी पुसून झाली आणि डबे परत लावताना माझे हात आपोआप जुन्या जागी गेले. वर डाळी, मध्ये मसाले, खाली पिठे, वीस वर्षे जसे होते तसे. लावून झाल्यावर मी फोटो काढला आणि त्यांच्यासमोर धरला. म्हटले, "आत्याबाई, बघा बरे, बरोबर आहे का?" त्यांनी पाहिले. किती तरी वेळ पाहिले. माझ्या छातीत धडधडत होते. मग त्या म्हणाल्या, "अं हं."

हिंगाचा डबा चुकला होता! तो उजव्या कोपऱ्यात हवा, मी धण्याच्या पुढे ठेवला होता. मी उठून तो कोपऱ्यात नेला आणि वळून पाहिले तर त्या वाकड्या तोंडाने हसत होत्या. मीही हसले. हसता हसता दोघींचेही डोळे भरले. माफी कोणी मागितली नाही, पण जे मागायचे ते मागून झाले आणि द्यायचे ते देऊन झाले. वैशाखात आत्याबाई गेल्या.

त्यानंतर तिखट-मीठ मी पुन्हा गॅसजवळ आणले आहे. सोय ती सोय. पण हिंगाचा डबा उजव्या कोपऱ्यातच आहे, आणि तिथेच राहील.

भगिनींनो, मी कोणी कलावंत नाही. माझ्या फोटोंना बक्षीस मिळालेले नाही आणि मिळायचेही नाही. पण एवढे मी अनुभवाने सांगते. आपल्यापैकी कितीजणी घरात अडकलेल्या आहेत. कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणाकडे तान्हे मूल आहे, कोणाचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. बाहेर पडता येत नाही तोवर मौज नाही, असे धरून बसलो तर वर्षे निघून जातात. खेळायला लागते ते सगळे ओट्यावर आहे. एक खिडकी, एक भांडे, एक कांदा आणि पंधरा मिनिटे. विकत काही आणायचे नाही. आणि घरात कोणी म्हातारे माणूस गप्प बसून असेल तर त्यालाही खेळात घ्या. त्याला विचारा, "हे इथे ठेवू का तिथे?" कुठे ठेवायचे याबद्दल म्हाताऱ्या माणसाला मत असतेच, आणि बऱ्याच वर्षांत ते कोणी विचारलेले नसते.

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी. अडकित्ता, रवी, सांडशी, पुरणयंत्राची जाळी, काहीही चालेल. घासून-पुसून आणायची गरज नाही. सभागृहाच्या पूर्वेच्या खिडकीशी मी स्टूल ठेवीन. ज्यांच्याकडे मोबाइल नसेल त्यांनी माझा घ्यावा. पाळीपाळीने मांडू आणि मोडू. फोटो वाईट आला तरी कोणी हसायचे नाही, आणि हसायचेच झाले तर सगळ्यांनी मिळून हसू.

सभा सकाळची ठेवली तर बरे, कार्यवाहबाई. दुपारी तिथे ऊन येत नाही.